अण्णांच्या आवाजाची नोंद

अण्णांचं स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला सगळ्यात आधी माझा लॅपटॉप आठवला. मुलीला हे शोभणारं नव्हतं, पण झालं तसंच. एखाद्याचं बोलणं पुरेसं रेकॉर्ड केलेलं असलं, तर कॉम्प्युटरला त्याच्या आवाजात बोलायला शिकवता येतं, हे मला कामामुळे माहीत होतं. ऑपरेशननंतर अण्णांनी टाइप करायचं आणि आवाज मात्र त्यांचाच यायचा, एवढं एकच मी डोक्यात घेतलं.

अण्णा जन्मभर टेम्पो चालवत आले. अवसरीतून टोमॅटो भरायचा आणि नारायणगावच्या बाजारात ओतायचा. इंजिनाच्या वरताण बोलायची सवय लागलेली, त्यामुळे आमच्या घरात कुजबूज हा प्रकारच नव्हता. रेकॉर्डिंगसाठी त्यांच्या हातात पेपर दिला, तर शाळेत धडा वाचल्यासारखे सुरात वाचायला लागले. वाचू नका, नुसतं बोला, म्हटलं. मग आळेफाट्याला टायर फुटला होता ती हकीकत त्यांनी गॅरेजवाल्याला दिलेल्या शिव्यांसकट सांगितली. खोकला आला की हातानं मला थांबवायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि पुढं सुरू करायचे. शेवटी शेवटी थुंकीत रक्त दिसायला लागलं, तरी थांबले नाहीत. आईला म्हटलं, ऐकवू का थोडं? ती म्हणाली, माणूस समोर बोलतंय की, मशीनमधलं कशाला ऐकू.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आणि तोंडातून नुसती हवा. घरी आल्यावर मी फोनमधला तयार मराठी आवाज लावून दिला. अण्णांनी पाणी मागितलं आणि फोन बातम्या दिल्यासारखा स्वच्छ शब्दांत बोलला. आई हसून म्हणाली, ‘‘हे कुठलं पुण्याचं पावणं आणलंय?’’ अण्णाही हसले, पण हसण्याचा आवाज आला नाही. आई उठून आत गेली. त्या दिवसापासून अण्णांनी फोन बाजूला सारला आणि नातवाची पाटी घेतली.

आवाज शिकवणारा प्रोग्रॅम लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालायचा आणि माझ्या लॅपटॉपवर होतं विंडोज. विंडोजच्या पोटातच लिनक्स बसवता येतं, एका घरात दोन चुली मांडाव्यात तसं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि मशीन बंद-चालू करायचं. ते म्हणालं, आधी व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं चालवायची सोय, चालू करा. ते बटण मशीन सुरू होतानाच्या निळ्या पडद्यात कुठल्या कुठं दडवलेलं, शोधताना वैतागले. अखेर लिनक्स बसलं. पण फायली विंडोजच्या बाजूला ठेवल्या की कामाला गतीच येईना, म्हणून अण्णांची सगळी रेकॉर्डिंगं मी लिनक्सच्या आत हलवली. ती मुळात फोनवर केलेली, पण फोन भरला म्हणून तिथली आधीच पुसली होती.

मशीनला अण्णांचा आवाज शिकवणं अर्ध्यावर आलं होतं. लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, त्यात लाईट गेली. परत आली तेव्हा विंडोज नेहमीसारखं उघडलं, लिनक्स काही उघडेना. मंचरला आमचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, त्याला फोन केला. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ताई, अनरजिस्टर करा आन् परत बसवा. नोंद काढायची फक्त, दुसरं काय न्हाई.’’

नोंद या शब्दाला आमच्या तालुक्यात कोण घाबरतं? सातबाऱ्यावर नोंद चढते, निघते, भाऊबंदकीत चुकीची लागते, वर्षानुवर्षं तारखा पडतात. जमीन असते तिथंच असते आणि तिच्यात ऊसही उभा असतो. मी तेच धरून चालले. नोंद निघेल, परत लावू, आत सगळं जागच्या जागी असेल. एंटर दाबलं. नक्की का, असं एका शब्दानं कुणी विचारलं नाही. काम यशस्वी झालं, असं कॉम्प्युटरनं कळवलं.

लिनक्स पुन्हा बसलं. आत काही नव्हतं. त्या काळ्या खिडकीत नोंद काढणं म्हणजे घर पाडून जागा मोकळी करणं होतं. ज्यानं तो शब्द तिथं घातला त्याला माझ्यासमोर उभा करावा असं तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन केला. तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘मलाबी तसंच वाटलं व्हतं, ताई.’’ पुसलेलं परत आणणारे प्रोग्रॅम त्यानं स्वतः घरी येऊन चालवले. नव्या लिनक्सनं जुन्यावर आपलं सामान मांडलं होतं. हाती काही लागलं नाही.

आईला आधी सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, ‘‘ऐकाया पायजे व्हतं मी.’’

मग आम्ही दोघी अण्णांपाशी गेलो. मी सगळं सांगितलं, वीज, नोंद, सगळं. त्यांनी मध्ये हात वर केला नाही. माझं बोलणं संपल्यावर पाटी मांडीवर घेतली आणि सावकाश लिहून माझ्याकडं वळवली. ‘परत बोलू का?’

माझी नजर त्यांच्या गळ्यावरच्या भोकाकडं गेली. त्यांनी पाटी स्वतःकडं फिरवली, लिहिलेलं वाचलं, आणि तळहातानं पुसून टाकलं.