गाईच्या मागची कडी

गोठेवाल्या मित्रांनो, सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

घोडेगावच्या बाजाराआधी आम्ही गाईंचे फोटो आमच्या वेबसाइटवर टाकतो. लोक फोटोत काय बघतात ते कळावं म्हणून मी एक टूल बसवलं. जिथं बोटं जास्त पडतात, तिथं ते लाल डाग दाखवतं.

आज एका गाईच्या फोटोवर ते उघडून पाहिलं. गिऱ्हाईक आधी कास बघतं, पण कासेवर डागच नव्हता. लालभडक डाग होता गाईच्या मागं, गोठ्याच्या दाराच्या कडीवर.

खाली अभिप्रायात कुणीतरी विचारलं होतं, "रात्री कुत्रं मोकळं असतं का?"

वडील म्हणाले, "आधी त्यो फोटू काढून टाक."

काढून टाकला. पण ज्याला बघायचं होतं त्यानं बघून घेतलंय.

तुमच्या गाईच्या मागं काय दिसतंय?