आत गेला, पण कसा गेला?

वाकोल्याच्या आमच्या विहीर गल्ली इलेव्हनने उभ्या आयुष्यात एक कप जिंकला नाही. किस्से मात्र इतके साठलेत, की जुने चार लोक चहाला बसले की एकाचा संपायच्या आत दुसरा आपला सुरू करतो, आणि तिसरा म्हणतो, असं झालंच नव्हतं. ऐंशीच्या दशकात मी या टीमचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे काय, तर मैदानावर चुना मारायचा, बॉलमध्ये हवा भरायची, मध्यंतराला लिंबं कापायची आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. डोक्याला नुसता ताप! तेव्हा माझंच खरं धरा.

दोन्ही बाजू म्हणजे आमच्याच. भांडण वर्षानुवर्षं एकच: जिंकायचं की चांगलं खेळायचं? तुम्ही म्हणाल, दोन्ही करा. अहो, आम्हाला दोन्हीपैकी एकही धड जमत नव्हतं, तरी भांडण जोरात.

एका बाजूला आमचे कोच विन्सी अंकल. गावठाणातले, एकेकाळचे फॉरवर्ड. बॉल जमिनीवर आणि पास पायात, याच्यापुढे त्यांना जगात काही दिसत नसे. दुसऱ्या बाजूला घाडीकाका, मालवणकडचे. गिरणीत होते, पण संप झाला आणि त्यांची गिरणी परत उघडलीच नाही. घर काकूंच्या शिलाई मशीनवर चाललेलं. मुलगा सुन्या एकवीस वर्षांचा, आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू. तेव्हा कंपन्या फुटबॉलवाल्यांना नोकरी द्यायच्या. पण हरणाऱ्या टीमकडे कोण बघतो? त्यामुळे सुंदर खेळ वगैरे ऐकलं की घाडीकाकांचं मस्तक फिरायचं.

*

विन्सी अंकलची एक पद्धत होती. मॅच संपली की एकेका खेळाडूशी हात मिळवायचे. जो वाईट खेळला, त्याच्यासमोर आले की हात खिशात.

एकदा कॉर्नर आला. आमचा पीटर पाठमोरा उभा राहून कोणाशी तरी वाद घालत होता. बॉल आला, त्याच्या पार्श्वभागावर आपटला आणि गोलमध्ये गेला. आम्ही एक-शून्यने जिंकलो. महिनाभरात पहिल्यांदा! घाडीकाकांनी पीटरला चक्क उचलून घेतलं.

विन्सी अंकल पीटरसमोर आले. हात खिशात.

पीटर म्हणाला, "अंकल, गोल मी मारला ना?"

"बॉल तुला लागला," अंकल म्हणाले. "तू बॉलला नाही."

यावरून घाडीकाका आणि अंकल आठवडाभर बोलत नव्हते. निरोप माझ्यामार्फत. एकाच गल्लीत राहतात, समोरासमोर दारं, आणि निरोप्या मी!

*

लोकल मॅचला लाइन्समन प्रत्येक टीमने आपला आपण द्यायचा. एकदा माणूस आला नाही, म्हणून मी झेंडा विन्सी अंकलच्या हातात दिला. चूक माझीच.

समोरच्या टीमचा एक काटकुळा पोरगा ऑफसाइड. थोडाथोडका नाही, चांगला तीन यार्ड. तिथून त्याने बॉल घेतला, आमच्या तिघांना बसवलं, गोलकीपरला पण बसवलं आणि अलगद गोल केला. आम्ही सगळे लाइनकडे बघतोय. झेंडा खाली. अंकल झेंडा काखेत धरून टाळ्या वाजवत होते.

आम्ही हरलो. मी विचारलं, अंकल, दिसला नाही का ऑफसाइड? म्हणाले, दिसला की. मग?

"एवढा छान चालला होता रे. मध्येच कसं अडवायचं?"

घाडीकाकांनी त्या दिवशी झेंड्याची काठी मोडली. नवीन काठी कोणी आणली? मी.

*

मग अंकल भाचीच्या लग्नाला वसईला गेले आणि टीम आठवडाभर घाडीकाकांच्या ताब्यात आली.

पाचव्या मिनिटाला सुन्याने गोल मारला. झालं. काकांनी खूण केली आणि अकराच्या अकरा आपल्या गोलसमोर येऊन उभे. बॉल आला की मारायचा नाल्याच्या दिशेने. आणायला जायचं ते पीटरने, कारण त्याच्याइतकं सावकाश कोणाला चालता येत नसे. हे पाऊण तास!

आधी बघे उठले. मग आमच्याच पोरांच्या आया उठल्या. शेवटी चहावाला स्टोव्ह विझवून निघून गेला. मॅच संपली तेव्हा मैदानावर दोन टीम, रेफरी आणि मी. जिंकलो, पण टाळी वाजवायला माणूस नाही. पोरं माना खाली घालून बूट सोडत होती. हरलेल्या टीमचा कोच आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं असं कधी कधी."

घाडीकाकांना याचं काही नव्हतं. म्हणाले, "माका गोल होयो. नाच बघूचो असलो तर दशावतार बघीन."

*

त्या वर्षीच्या टूर्नामेंटला अंधेरीच्या एका कारखान्याचे साहेब आले. त्यांना कारखान्याच्या टीमसाठी दोन पोरं हवी होती. अट साफ सांगितली: फायनलला पोचलेल्या टीममधूनच घेणार. कायमची नोकरी.

घाडीकाका त्या संध्याकाळी आपणहून विन्सी अंकलच्या दारात गेले. मला बरोबर नेलं, साक्षीला. म्हणाले, विन्सी, आजवर तुझ्याशी भांडलो, पण या महिन्यात तुझा तो पास-बीस बाजूला ठेव. माझ्या पोराचं आयुष्य आहे रे. अंकल बरं म्हणाले. सुन्याला सातव्या वर्षापासून त्यांनीच शिकवलेलं.

शब्द पाळला माणसाने. पोरांना सांगितलं, दिसला गोल की मारा, कसाही मारा. पण स्वतःला ते बघवेना. म्हणून मैदानाला पाठ करून, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसायचे. कोच! भिंतीकडे तोंड! समोरच्या टीमला वाटायचं, आमच्यात कोणीतरी मयत झालंय.

आरडाओरडा झाला की अंकल विचारायचे, "गेला?"

घाडीकाका सांगायचे, "गेला."

"कसा गेला?"

"कसा म्हणजे? आत गेला."

असे आम्ही दोन मॅच जिंकलो. बघवत नव्हतं, पण जिंकलो. आणि एक सांगतो, घाडीकाका त्या दिवसांत हसायला लागले होते. मला वाईट वाटायचं ते सुन्याचं. गोल मारून यायचा आणि भिंतीकडच्या त्या पाठीकडे बघत उभा राहायचा.

*

आता शेवटची मॅच. जिंकलो तर फायनल. बरोबरी झाली तर पॉइंटवर समोरचे पुढे. साहेब खुर्चीवर बसलेले.

शून्य-शून्य. शेवटचं मिनिट चालू असताना सुन्याला बॉल मिळाला. समोर एकटा गोलकीपर. तो पुढे आला, सुन्याने त्याला डावीकडे झुलवलं आणि उजवीकडून निघाला. समोर गोल मोकळा. नुसता पाय लावायचा. मी ओरडलो, घाडीकाका ओरडले, सगळी गल्ली ओरडली: "मार!"

सुन्या थांबला.

त्यांचा एक बॅक घसरत आला, सुन्याने बॉल मागे ओढला, बॅक थेट जाळीत गेला. तेवढ्यात गोलकीपर उठून परत आला. सुन्याने त्याला पुन्हा बसवलं. त्याच माणसाला, त्याच बाजूला! मैदान एकदम गप्प झालं. त्या शांततेला घाबरून विन्सी अंकल वळले. सुन्याने गोलकडे पाठ केली आणि टाचेने बॉल हळूच मागे ढकलला.

बॉल खांबाला लागला, बाहेर आला आणि मॅच संपल्याची शिट्टी झाली.

साहेब उठले, अट ती अट म्हणाले आणि स्कूटरवरून गेले. मी तर खाली मातीत बसलो. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. विन्सी अंकल रडत होते. घाडीकाकांकडे जाऊन म्हणाले, घाडी, माफ कर, हे मीच शिकवलंय त्याला. काका चप्पल घालून तरातरा घराकडे निघाले.

सुन्याला आज मार बसणार हे मला माहीत होतं. मी धावत मागे गेलो. गल्लीत पोचलो, तर सुन्या नळाच्या कट्ट्यावर बसलेला, आत जायची हिंमत नाही. मी म्हटलं, तू इथेच थांब, आधी मी जातो.

आत काकू मशीन थांबवून उभ्या होत्या. काका जमिनीवर मांडी घालून बसलेले. समोर एक वाटी, एक मिठाची बरणी आणि एक सुपारी. बोटाने सुपारी वाटीला डावीकडे झुलवून उजवीकडून न्यायची, थांबवायची, मागे ओढायची, बरणी सरकवून पलीकडे पाठवायची. मी दारात आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

काकूंनी विचारलं, "जिंकलात काय, तां सांगा आधी."

काकांनी वाटी परत जाग्यावर ठेवली, बरणी परत जाग्यावर ठेवली.

"थांब गो," ते म्हणाले. "थयपर्यंत मी अजून पोचूक नाय."