डबे उचलायचा गेम आणि रविवारची पोरगी

मंडळी, आज पुन्हा कोणी न ऐकलेला गेम खेळलो. गोदामातले डबे उचलायचे आणि रॅकवर ठेवायचे, बस. बंदूक नाही, दुश्मन नाही. डबा पडला की सुपरवायझर मान हलवतो. इकडे पुण्यात ड्युटीवर मी हेच करतो, आज सुट्टीत खोलीवर बी हेच करून राहिलो. गेममधी कंबर दुखत नाही, म्हणून दोन स्टार.

खेळता खेळता गावाकडून, सौसरहून, आईचा फोन आला. स्पीकरवर टाकला. ती बोलत होती, मी हो हो म्हणत होतो.

तासाभरानं मामाचा फोन. "काय नवरदेव, रविवारी लोधीखेड्याले पोरगी पाहाले येऊन राहिला म्हणे!"

तेव्हा समजलं, मी कोणत्या गोष्टीला हो म्हटलं. ना आनंद झाला, ना टेन्शन आलं. आणखी एक डबा रॅकवर ठेवला. मग आईला फोन लावला.

"आई, रविवारी माही ड्युटी आहे. मी ऐकलंच नव्हतं."

"मले माहीत होतं," आई म्हणाली. "तू कवापासून असाच हो हो करून राहिला. म्हणूनच पोरीवाल्यायले लगेच सांगून टाकलं. आता तरी घरी येशीन."

फोन कोणीच ठेवला नाही.

तर सांगा, सुट्टी कशी मागू? पोरगी पाहायला जातो म्हटलं तर साहेब तिचं नाव विचारन. आईनं सांगितलं असन, मी ऐकलं नाही.