चाकांवरची चाळ

"चाळीला कधी चाकं असतात का? खरं लिही, खरं." मॅडम ओरडत होत्या आणि माझं चित्र उंच धरून अख्ख्या हॉलला दाखवत होत्या.

शिवाजी पार्कातला हॉल, मुलांची चित्र-गोष्टीची कार्यशाळा, घेणाऱ्या या मॅडम. एसी असा, की माझे दात वाजलेले डिलाईल रोडला ऐकू गेले असतील. मी नववीतली, घोडपदेवच्या चाळीतली. अर्धी मुलं तिथल्याच बिल्डिंगांमधली, अर्धी आमच्याकडची. काम सगळ्यांना एकच. कागद, चिंध्या, रंग, वाटेल ते चिकटवून चित्र करायचं आणि त्याच्या अंगावरच गोष्ट लिहायची. रविवारी प्रदर्शन. पप्पांनी आठवडाभर आधीच शर्टाला इस्त्री मारून ठेवली होती. अशी कडक, की कडेने कांदा कापावा.

मी थापाडी. जन्मल्यावर रडायच्या आधी डॉक्टरीणबाईंना काहीतरी फेकलंच असणार. त्यात आमच्याकडे गोष्ट सांगतात ती चाकांवरच. जयंतीला ट्रकवर चित्ररथ उभा राहतो. प्लायवूडचं तळं, थर्माकोलची संसद, आणि दिवे पप्पांचे, कारण ते वायरमन. मग मी अख्खी चाळच ट्रकवर चढवली. रथाचं उरलेलं निळं सॅटिन चिकटवून समुद्र केला. वाळत घातलेल्या साड्यांची शिडं. ब्रेकवर तळमजल्याच्या सखूमावशी. तेवढं वजन दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर एका मुलाने लिफ्टमध्ये देवमासा कोंबला होता. त्याला मॅडम म्हणाल्या, काय कल्पनाशक्ती आहे. माझी चाळ मात्र खोटी.

मग माझ्या बाजूला येऊन बसल्या. आवाज मऊ. पण ऐकत होता सगळा हॉल.

"तुझे बाबा पितात ना? ते लिही. लाजू नकोस."

माझे पप्पा. सर्दीचं औषधसुद्धा तोंड वाकडं करून घेणारा माणूस. मी म्हटलं, पीत नाहीत. मॅडम मान तिरकी करून हसल्या, सगळ्या मुली आधी असंच म्हणतात म्हणाल्या. मागे कुणीतरी खुसखुसलं. बसवेना, उठवेना, पाय टेबलाखाली नुसते नाचत होते. एक ओळ लिहिली की प्रदर्शनात मधल्या भिंतीवर जागा पक्की. आमच्या चाळीतल्या मैत्रिणीने तिच्या निर्व्यसनी बापाला केव्हाच दारुडा करून टाकलं होतं. तिने खुणावलं, लिही ना, काय जातंय आपलं.

लाखो थापा मारल्यात मी. शाळेत, दुकानात, विहारातसुद्धा. ही एक मारवेना. कारण ही माझी नव्हती. त्यांची होती, फक्त तोंड माझं हवं होतं. आणि रविवारी तो शर्ट घालून पप्पा भिंतीसमोर उभे राहून ती वाचणार होते.

उठले. चित्र ओढून घेतलं. समुद्र मधोमध फाटला. फाटू दे.

घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तिखटमीठ न लावता. त्यांनी शर्ट घडी घालून कपाटात ठेवला, बस्स. ते बघून आत काहीतरी कडक झालं. ठरवलं, यापुढे थाप मारीन ती माझी. दुःख सांगीन तेही माझं, मला वाटेल तेव्हा. मागितलं म्हणून काढून देणार नाही.

शनिवारी मॅडमचा फोन. पाहुणे यायचेत, भिंतीवर एक जागा रिकामी दिसतेय. आवाज मधात बुडवलेला. बाबांचं राहू दे म्हणाल्या, चाकंही असू देत.

"निदान तुमच्याकडे पाणी येत नाही, एवढं तरी लिही."

"पाणी येतं," मी म्हटलं.