सगळ्यात जास्त फेऱ्या

"पदकं किती ते इंटरनेटला विचार. मला फक्त माझ्या चुका पाठ आहेत." कोणी पदकांचा विषय काढला, की आमच्या कोच एवढंच म्हणायच्या आणि रायफल पुसत राहायच्या.

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल का, शंकाच आहे. जिंकलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या भिंतीवर फोटो असतात. कोचच्या ऑफिसात भिंतीवर ओले मोजे वाळत असायचे.

अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या आमच्या कॉलेजात त्या बायथलॉन शिकवायच्या. बर्फावर स्की करत धावायचं, मध्येच थांबून रायफलने पाच निशाणं पाडायची. जितकी चुकतील तितक्या शिक्षेच्या फेऱ्या, शेजारच्या छोट्या रिंगणात. या खेळात त्या एके काळी देशात पहिल्या होत्या. मग गुडघा गेला आणि त्या शिकवू लागल्या. माझं निशाण चुकलं तरी ओरडायच्या नाहीत. "ओके. आता फेरी मार," एवढंच.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. जर्सी सिटीत दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्या बाबांना हा खेळ म्हणजे अभ्यासाची नासाडी वाटायची. "एकदा येऊन बघतो," ते म्हणाले, "मग ठरवू, चालू ठेवायचं की बंद."

ते आईला घेऊन आले, त्या दिवशी नेमकी माझी निशाणं एकामागून एक चुकली. मी शिक्षेच्या फेऱ्या मारत होते आणि कठड्याशी आई आनंदाने ओरडत होती, "अहो, बघा ना! बाकीच्या लगेच गेल्या, आपली अजून फिरतेय!"

बाबांनी मोडक्या इंग्रजीत कोचना विचारलं, "माझी मुलगी जास्त फेऱ्या मारते?"

"हो सर," कोच गंभीरपणे म्हणाल्या. "सगळ्यात जास्त." आणि टाळ्या वाजवू लागल्या. हे मला आईने नंतर सांगितलं.

मी शेवटून दुसरी आले. गाडीत बसताना बाबा म्हणाले, "नंबर नाही आला, पण दम आहे पोरीत. चालू दे."

उन्हाळ्यात कोच दुसऱ्या राज्यात शिकवायला गेल्या. यंदा शर्यतीआधी नव्या कोचनी बाबांना खेळाचे नियम समजावून सांगितले. बाबांनी मला बाजूला घेतलं.

"म्हणजे त्या बाईंना सगळं माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी टाळ्या वाजवत होत्या?"

मी होकारार्थी मान हलवली. पुढे काही बोलायच्या आत माझं नाव पुकारलं.

त्या दिवशी माझी दोन निशाणं चुकली. रिंगणाकडे वळले, तर कठड्याशी बाबा एकटेच उभे होते. टाळ्या वाजवत.