पाठीवरचं दार

वाळवी लागली, असं मी माझ्या मुलीला सांगितलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली. ती तेव्हा बारावीला होती आणि मी उमरग्यातल्या एका छापखान्यात बाइंडर होतो. अजूनही आहे, या महिन्याच्या अखेरपर्यंत.

तिची ती पुस्तकं जपानी होती. म्हणजे चित्रं जपानी, अक्षरं इंग्रजी. एकाच गोष्टीचे भाग, काळ्या शाईत छापलेले, तळहातापेक्षा थोडे मोठे. असे अठरा भाग तिनं वाढदिवसाला, दिवाळीला, बक्षिसाला दुसरं काही न मागता जमवले होते. गोष्ट मला तिच्याच तोंडून कळलेली. रोज जेवताना सांगायची. एक पोरगी असते. भूकंपात तिचं घर पडतं, आई जाते, उभं राहतं ते फक्त दार. ती ते दार काढते, पाठीवर बांधते आणि चालू लागते. जिथं बसवावंसं वाटेल तिथं घर करायचं. एवढंच. ती चालतेच आहे. वाटेत गावं लागतात, कुणी दाराला हसतं, कुणी विकत मागतं, एक बाई त्याच्या आडोशाला बाळंत होते. पोरगी मोठी होत जाते, दार जुनं होत जातं.

एकदा भाकरी मोडता मोडता मुलीनं विचारलं, आपलं जुनं गाव पण असंच पडलं ना, तुम्ही होता ना तिथं? मी म्हणालो, जेव गपगुमान.

आमच्या भागात जुनं गाव आणि नवं गाव असं बोलायची सगळ्यांना सवय आहे. जुन्या गावात बाभळी माजल्यात. नव्या गावातली घरं एका ओळीत, एकसारखी, कुणाचं कुठलं ते नंबरावरून कळतं. वय विचारलं तर जुनी माणसं अजून भूकंपाच्या आधी का नंतर ते सांगतात. पण त्या दिवसाचं कुणी बोलत नाही. मी तर नाहीच.

आमचं घर दगडमातीचं, माळवदाचं. दार सागवानी, पावसाळ्यात फुगायचं आणि खाली अडकायचं. आई महिनाभर मला सांगत होती, सुताराकडून तळ तासून आण. सुतार दोन घरं सोडून राहायचा. मी म्हणायचो, उद्या. त्या रात्री गणपती बुडवून आलेली आम्ही पोरं शेतातल्या गोठ्यावर झोपलो होतो. पहाटे गाव पडलं. मी पळत आलो तर घर म्हणजे दगडांचा ढीग आणि त्यात चौकटीसकट दार उभं. बंद. मदतीला आलेल्या लष्कराच्या जवानांनी ते पाडलं तेव्हा दिसलं की आतली कडी काढलेली होती. आईनं कडी काढली होती. दार तेवढं उघडलं नव्हतं.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीच्या आईलाही नाही.

तर पुस्तकांचं. मुलीचे चाचणीत गुण घसरले, म्हणून पुस्तकं उचलली, असं मी तिच्या आईला सांगितलं. गुण घसरले होते हे खरं. पण उचलली ती त्यामुळं नाही. एका दुपारी घरात कुणी नसताना मी सहज एक भाग उघडला, आणि पान भरून ते दार होतं. ढिगाऱ्यात उभं, बंद. मी पुस्तक मिटलं. अठराही भाग पोत्यात भरले आणि सायकलवर छापखान्याच्या गोदामात नेऊन रद्दीमागं ठेवले. संध्याकाळी मुलीला सांगितलं, वाळवी लागली होती, जाळून टाकले.

ती रडली नाही. उठून भिंतीतल्या फडताळापाशी गेली, रिकाम्या फळीवरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं. बरं, म्हणाली. त्या दिवसापासून ती जेवताना मुकाट जेवायला लागली. मला वाटलं, अभ्यासाला लागली.

पोतं मी वर्षभर उघडलं नाही. मग शाळांची रजिस्टरं शिवून संपली, हाताला काम नव्हतं, तेव्हा पहिला भाग काढला. नेहमीसारखा डावीकडून उघडला. गेली कित्येक वर्षं मी उर्दू शाळेची पुस्तकं उजव्या बाजूनं शिवतो. पाठ, म्हणजे शिवलेली कड, कुठं आहे यावरून पुस्तकाचं तोंड कुठं, हे मला डोळे मिटून कळतं. पण अक्षरं इंग्रजी दिसली आणि हात डावीकडं गेला.

तर मी काय बघितलं? आधी एक पोरगी पाठीवर दार घेऊन दिसली. मग तिनं ते खाली उतरवून ढिगाऱ्यातल्या चौकटीत बसवलं. मग धूळ. धुळीतून दगड वर गेले, भिंती झाल्या, वासे आपल्या जागी बसले. मग दार उघडलं आणि आत आई चुलीपाशी बसलेली. पोरगी लहान होती, पाणी मागत होती. शेवटच्या पानावर टेकडीवर अख्खं घर आणि वर धुराची रेघ.

मला वाटलं, काय मनाचा माणूस असेल हा चित्रं काढणारा. पडलेलं घर दगड न् दगड लावून परत उभं केलं. रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून मी रडलो. भूकंपात रडलो नव्हतो, तिथं रडलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावरचा मजकूर, म्हणजे मी ज्याला पहिलं समजलो त्यावरचा, छापखान्यात टायपिंग करणाऱ्या मुलीकडून वाचून घेतला. ती हसायला लागली. म्हणाली, काका, तुम्ही उलटीकडून सुरू केलंय, हे उर्दूसारखं असतं, आणि तुम्हाला कळलं नाही होय.

मग सरळ वाचलं. प्रत्येक पानाला घर पडणार हे ठाऊक असताना वाचलं. आई चुलीपाशी होती, ती गेली.

नंतर अठराही भाग वाचले. इंग्रजी थोडं कळलं, बाकी चित्रांवरून. परत वाचले. किती वेळा, ते सांगता येणार नाही. एक जागा मी दरवेळी शोधायचो. ती पोरगी दिवस मावळताना कुठंतरी माळावर ते दार उभं करते, दगडं लावून टेकवते. आजूबाजूला भिंत नाही, छप्पर नाही. तरी आत जाण्याआधी ती कडी वाजवते. थांबते. मग ढकलते. कधी पाऊस असतो, कधी बर्फ, कधी तिच्या हाताला जखम असते, पण कडी वाजवायची चुकवत नाही. कुणासाठी थांबते ते कुठं लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर मी एवढ्या वेळा वाचलं नसतं, असं वाटतं.

पुस्तकं झिजायला लागली तेव्हा मी ती बांधली. तीन तीन भागांचा एक खंड, असे सहा खंड, काळं कापड, पाठ उजवीकडं. खळ स्वतः शिजवली, मोरचूद घालून, म्हणजे किडा लागत नाही. आयुष्यात एवढी नीट बांधणी केली नसेल. मुलीची वस्तू चोरून तिला कापड चढवत होतो. ती सोलापुरात नर्स झाली, सणासुदीला येऊन जाऊ लागली. दरवेळी वाटायचं, सांगावं. दरवेळी म्हणायचो, पुढच्या खेपेला. ही माझी जुनीच खोड.

आता मालकानं गोदाम विकलं. सगळं रिकामं करायला सांगितलं. माझे डोळेही सुईत दोरा ओवू देत नाहीत. खंड घरी आणण्यावाचून गती नव्हती आणि घरी आणले की सांगणं आलंच.

ती रविवारी आली. तिची आई देवळात गेलेली. मी सहाही खंड खाटेवर ठेवले आणि म्हणालो, "वाळवी लागली न्हवती."

तिनं खंडांकडं बघितलं, माझ्याकडं नाही. "मला माहीत होतं, अप्पा. खळीत मोरचूद घालणाऱ्या माणसाच्या घरात पुस्तकाला वाळवी? फळीवर माती पण न्हवती ओ."

"मग बोलली का न्हायस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

तिनं एक खंड उचलला, पाठ बघितली, उजवीकडून उघडला. बांधणी बरोबर आहे म्हणाली. मी विचारलं, पुढचे भाग नंतर कुठं वाचलेस का? फोनवर मिळतात म्हणे.

"न्हाय वाचले. वाचून सांगायचं कुणाला?"

मग मी उलटीकडून वाचल्याचं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला यातलं एवढं काय लागलं?"

मी दाराचं सांगितलं. दार अडकायचं, आई सांगायची, सुतार दोन घरं सोडून होता. कडी काढलेली होती. चार-पाच वाक्यांत संपलं. इतकी वर्षं ओढत आणलेली गोष्ट एवढीशीच होती, याचाच थकवा आला.

दवाखान्यात विचारतात तसं तिनं विचारलं, "आजीचं वय काय होतं?"

"अडतीस."

"तुमचं?"

"पंधरा."

"पंधरा," ती म्हणाली. तुमची चूक नव्हती, असं म्हणाली नाही, ते बरं केलं. माझं मला ठाऊक आहे. पुस्तकांचं माफ केलं, असंही म्हणाली नाही. भिंतीला टेकून पहिला खंड वाचायला बसली. मी तिथंच आडवा झालो आणि मला झोप लागली. जागा झालो तेव्हा ती दुसऱ्या खंडात होती, आणि तिची आई चहा ठेवत होती.

संध्याकाळी तिला सोडायला स्टँडवर गेलो. दोन खंड तिनं पिशवीत घातले होते, बाकीचे राहू द्या म्हणाली. सोलापूरची गाडी यायला वेळ होता. बाकावर बसून ती फोनमध्ये काहीतरी शोधत राहिली. मग फोन खाली ठेवून म्हणाली, "अजून संपलं न्हाय म्हणे. ती चालतीच हाय."

मी विचारलं, "आणि दार?"

"पाठीवरच."

गाडी लागली. तिनं पिशवी माझ्याकडं दिली, वर चढली, आणि खिडकीतून हात काढून परत मागून घेतली.