डबल बेल

माझा माइक म्हणजे एक जुना मोबाइल आणि त्यावर चढवलेली बाबांची माकडटोपी. वाऱ्याचा फडफडाट अडवायला लोक माइकवर काहीतरी केसाळ आणि महागडं लावतात. मला कपाटात टोपी दिसली. मुंबईत माकडटोपी लागते ती वर्षातून चार दिवस, पण नेमक्या त्याच चार दिवसांत बाबा घरभर विचारत फिरायचे, "माझी टोपी खंय गेली गो?" आणि ती माझ्या पर्समध्ये असायची.

हा उद्योग कशासाठी ते सांगते. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा एक खेळ असतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. आम्ही सात-आठ हौशी लोक त्यासाठी बोरिवली ते अंधेरी असा लोकलचा मार्ग तयार करतो आहोत, फुकट आणि फावल्या वेळात. कोणी स्टेशनं काढतं, कोणी सिग्नल. मी ग्रुपवर एकदा बढाई मारली की माझे बाबा तीस वर्षं लोकलचे गार्ड होते, आणि सगळे आवाज माझ्या गळ्यात पडले.

प्लॅटफॉर्मवर नुसता फोन धरून उभं राहिलं तर कोणी ढुंकून बघत नाही. टोपी घातलेला फोन धरला की सगळे बघतात. कांदिवलीला एका मावशींनी मला अगदी काळजीने विचारलं होतं, "त्याला थंडी वाजते का गं?"

आणलेले आवाज बाबा तपासायचे. हेडफोन लावून, डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि धडाधड नापास करायचे. "हा कॉम्प्रेसर आपल्या गाडीचा नाही." "ब्रेक आधी सुटतो, मग मोटर बोलते. तू उलटं जोडलंयस." मी चिडायचे, पण त्यांचं बरोबर असायचं. ग्रुपमध्ये नियमच झाला होता, बाबांनी पास केलं तरच पास. रिटायर झाल्यापासून लोक त्यांना फक्त बीपी विचारायचे. त्यांचं मत विचारलं जाईल असं हे एकच काम उरलं होतं, आणि ते त्यांना किती हवं होतं हे मला दिसत होतं.

गेल्या वर्षी मात्र ते सगळंच पास करायला लागले. "झकास." "बरोबर आहे." मला वाटलं, आपला हात बसला. मी चक्क खूश होते.

मग बेलचं काम आलं. गार्ड शेवटच्या केबिनमध्ये असतो. माणसं चढली की तो पुढे मोटरमनला दोन बेल देतो, म्हणजे निघा. एक बेल म्हणजे थांबा. केबिनमध्ये मला कोण जाऊ देणार? म्हणून रविवारी दुपारी शेवटच्या डब्यात गार्डच्या भिंतीला टोपीसकट मोबाइल टेकवून बसले. शेजारचा माणूस गोरेगावपर्यंत आपल्या प्लंबरबद्दल बोलत होता. घरी येऊन मी तो प्लंबर पुसायला बसले. पुसून झाल्यावर फाइल ग्रुपवर टाकली, बाबांना हेडफोन दिले आणि चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा ते मान डोलावत होते. "हीच. आमची बेल अशीच."

संध्याकाळी ग्रुपवर निरोप आला, "ताई, फाइल कोरी आहे."

खरंच कोरी होती. साफ करण्याच्या नादात प्लंबरबरोबर मी बेलही पुसली होती. चार सेकंद नुसती शांतता. मला हसू आलं, आणि ही गंमत बाबांना सांगायला मी उठलेसुद्धा. दाराशी जाऊन थांबले. ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते. काहीच ऐकू आलं नाही तेव्हा त्यांना ती फाइल कोरी वाटली नव्हती. त्यांना तो स्वतःच्या कानांचा दोष वाटला होता, आणि तरी ते म्हणाले होते, हीच.

मी त्यांना काही सांगितलं नाही. नेहमीच्या तपासण्यांमध्ये एक कानाचीही तपासणी घुसडली आणि त्यांना घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून तिथल्या मुलीने त्यांच्या हातात बटण दिलं. "काका, बीप ऐकू आली की दाबायचं." पाच मिनिटांत ती बाहेर आली. "काका प्रत्येक वेळी दोनदा दाबतायत. ऐकू येतंय म्हणून दाबतात की असंच, मला कळत नाही."

मला कळलं. बाबांनी खुलासाही केला, "एक दिली तर गाडी थांबते." ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली की तरीही दोन्ही कान बरेच गेलेत, विशेषतः बारीक, वरचे आवाज. मशीन लावावं लागेल.

"तपासणीच चुकली ना," बाबा म्हणाले. "ती स्वतःच म्हणाली, तिला कळत नाही. माका ऐकाक येता."

पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी नाटक केलं. मी आवाज द्यायचे, ते पास करायचे. ग्रुपला वाटायचं बाबांनी ऐकलंय. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कोऱ्या फाइलचं सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी मशीन घ्यायला तयार झाले असते कदाचित, पण मग माझ्यासमोर पुन्हा हेडफोन लावून बसले नसते.

मार्ग कच्चा तयार झाला. बेल मी पुन्हा आणली होती, यावेळी वाजणारी. पहिला मान म्हणून बाबांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. तीस वर्षं ते गाडीच्या मागच्या टोकाला. चालवायला पहिल्यांदाच बसले. पडद्यावर बोरिवलीचा प्लॅटफॉर्म, सिग्नल हिरवा. स्पीकरवर दोन बेल वाजल्या. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "कोण आलंय बघ गं!"

बाबा बोट कीवर ठेवून बसले होते.

खेळात गाडी निघाली नाही तर बेल पुन्हा वाजते. ती वाजली. मी म्हटलं, "बाबा, निघा ना."

"बेलशिवाय?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "सिग्नल असला म्हणून काय झालं?"

तिसऱ्यांदा वाजली. ते तसेच बसलेले, पाठ ताठ. मग मला समजावत म्हणाले, "गार्ड बघत असेल काहीतरी. कोणी म्हातारं माणूस चढत असेल. थांबायचं असतं."

माझ्याने राहवलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर बोटाने दोनदा टकटक केलं.

त्यांनी वळून बघितलं. "दिली होती?"

"तीनदा."

ओले हात पुसत आई आली. "दारात तर कोणीच नाही." बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कीवरचं बोट उचललं. "त्या मशीनवाल्या मुलीला फोन लाव," ते म्हणाले.

दुसऱ्या तपासणीत त्यांनी बटण एकेकदाच दाबलं. मध्ये बराच वेळ दाबलंच नाही. ती मुलगी कागदावर खुणा करत होती आणि बाबा काचेपलीकडे अंगठा बटणावर ठेवून बेलची वाट बघत होते. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मशीन आलं. पहिला दिवस पंखा, कावळे आणि आईच्या बांगड्या यांच्याविषयी तक्रारी करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली. "तुझे सगळे आवाज लाव. पहिल्यापासून."

त्यांनीच झकास म्हटलेल्या फाइली मी एकेक करून लावल्या. त्यांनी नऊ नापास केल्या. मग मी ती कोरी लावली. डोळे मिटून त्यांनी चारही सेकंद ऐकली, आणि कपाळाला आठ्या घालून डोळे उघडले.

"यात काहीच नाहीये गं."

"हो," मी म्हटलं. आणि मला रडूच फुटलं.

बाबा कपाटाकडे गेले, आणि टोपी आणून माझ्या हातात दिली. "जा. पुन्हा करून आण."